समोर येऊन बोलणारं घर

१४ ऑक्टोबर

धाकट्या,

परवा सकाळी मी एक गोष्ट केली, ती तुला फोनवर सांगायची होती. पण तू फोन उचलत नाहीस, आणि उचललास तर "दादा, इंजिनावर आहे" म्हणून ठेवतोस. म्हणून कागद घेतला. जहाजाच्या कंपनीच्या पत्त्यावर टाकतोय, पुढच्या बंदरात मिळेल तेव्हा मिळेल.

तुझी लेक भिंगरी दारात बसून बुटांचे बंद बांधत होती. पाठ माझ्याकडे. मी तिच्या मागे उभा राहिलो आणि साध्या आवाजात म्हणालो, म्हणजे आपल्या घरातला साधा आवाज नव्हे, परक्या घरातला, "आज शाळेला सुट्टी आहे गं." सात वर्षांचं पोर. सुट्टी म्हटल्यावर बूट उडायला हवे होते. तिनं दुसऱ्या बुटाची गाठ मारली. मी पुन्हा म्हणालो. तिनं दप्तर उचललं. मग मी पुढे जाऊन तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि तेच म्हणालो. तिनं दप्तर फेकून माझ्या गळ्यात हात टाकले. सुट्टी नाही हे सांगावं लागलं तेव्हा ती माझ्यावर अशी रुसली की संध्याकाळी दूधसुद्धा तुझ्या वहिनीच्या हातून घेतलं.

हे मी का केलं, तर तिच्या वर्गाच्या बाईंनी आम्हाला बोलावून घेतलं होतं. बाई म्हणाल्या, "मुलगी लाडावलीय. फळ्याकडे तोंड करून मी सांगितलेलं एक वाक्य हिच्या वहीत नसतं. हाक मारली तर महाराणीसारखी बसून राहते." मी मान खाली घालून ऐकत होतो. तुझी वहिनी मात्र म्हणाली, "बाई, घरी तर एका शब्दात ऐकते." बाई म्हणाल्या, "मग घरी काय करता ते मलाही शिकवा!"

टोमणाच होता तो. पण मी रस्ताभर तोच घोळवत आलो. घरी काय करतो आपण?

तुला वेगळं सांगायला नको. यंत्रमागांच्या खडखडाटात आपण दोघं वाढलो. बाबांनी सूत नेणाऱ्या धोट्याला हात लावू देण्याआधी काय शिकवलं? माणसाच्या समोर जायचं, त्याची नजर धरायची, मगच तोंड उघडायचं. धागा तुटला तर दोन बोटांची कात्री, जेवायला चला तर तोंडापुढे मूठ. मी अजून त्याच कारखान्यात आहे, तुझी वहिनी सुताच्या कांड्या भरते, आणि घराची मागची भिंत कारखान्याचीच आहे. घरात आम्ही एकमेकांच्या पाठीशी बोलतच नाही रे. खांद्याला हात लावतो, समोर येतो, मोठ्यानं बोलतो, आणि हातही हलवतो. दुसऱ्या कुठल्याही घरात पोराचं हे महिन्याभरात लक्षात आलं असतं. आमच्या घरात तिला ऐकू येत नाही हे कळायला जागाच नव्हती. ती आमचे ओठ वाचत होती, आणि आम्ही कौतुक करत होतो की पोरगी किती लक्ष देऊन ऐकते!

काल कान-नाक-घशाच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी कानात दिवा घालून पाहिलं. म्हणाल्या, दोन्ही कानांच्या पडद्यांमागे चिकट पाणी साचलंय. नाकाच्या मागे, टाळूच्या वर मांसाची एक गादी असते प्रत्येक मुलाला, तिला ॲडेनॉइड म्हणतात. हिची ती खूप वाढलीय. त्यामुळे नाक बंद, तोंड उघडं, आणि कानातून नाकामागे जाणारी बारीक वाट बंद. कान ठार बहिरा नाही, पण आवाज उशी दाबून आल्यासारखा येतो. पुष्कळ मुलांचं हे आपोआप ओसरतं, म्हणून तीन महिने थांबू, मग पुन्हा तपासू. तोवर नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, वर्गात पहिला बाक, आणि कानात काहीही घालायचं नाही. घरात कुणी विडी-सिगारेट ओढतं का, असंही विचारलं. मी म्हटलं, माझा भाऊ सुट्टीवर आला की ओढतो. तेव्हा ते आता अंगणापलीकडे.

तू एक फोन कर. काळजी करू नको म्हणणार होतो, पण थोडी कर.

दादा


९ डिसेंबर

धाकट्या,

पत्राला उत्तर म्हणून तू दोन ओळींचा मेसेज पाठवलास. "सर्दी आहे, कोमट तेल घाला. माझ्याशी व्हिडिओवर पटापट बोलते, बहिरी कुठली?"

मी तो वहिनीला वाचून दाखवला. ती म्हणाली, "मोठे डॉक्टर झालेत भावजी, समुद्रावर बसून कान तपासतात."

अरे बाबा, व्हिडिओवर तुझं तोंड दिसतं तिला! पडदाभर तोंड असतं तुझं, नाकाच्या केसांसकट. तूही त्याच कारखान्यात बोलायला शिकलायस, प्रत्येक शब्द ओठांनी कोरून काढतोस, वर इंजिनावर काम करून आवाज आणखी चढलाय. तुझ्याशी ती पटापट बोलणारच. वर्गाच्या बाईंची पाठ वळली की तिला काही कळत नाही, हा प्रश्न आहे. हे तुला मी आता तिसऱ्यांदा सांगतोय, एकदा पत्रात आणि एकदा फोनवर तू जांभई देत असताना सांगितलं होतं.

तेलाचं म्हणशील तर पाणी पडद्याच्या आत आहे आणि तेल पडद्याच्या बाहेर राहणार. भिंतीपलीकडचा दिवा विझवायला अलीकडे फुंकर मारण्यातला प्रकार आहे तो. हे उदाहरण माझं आहे, डॉक्टरबाईंचं नाही. त्यांनी फक्त "अजिबात नाही" म्हटलं, पण ज्या तऱ्हेनं म्हटलं त्यावरून रोज कुणी ना कुणी तेल घालून येत असणार.

आता कानापेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीची धास्ती वाटायला लागली आहे. तिचं घोरणं तुला माहीत आहे. आपण हसायचो, बोका झोपलाय म्हणायचो. गेल्या रविवारी दुपारी ती जेवून आडवी झाली आणि मी शेजारी पोथी वाचत बसलो होतो. घोरणं चालू होतं, आणि एकाएकी थांबलं. छाती वर ओढली जात होती, पण तोंडातून नाकातून काहीच नाही. मी पोथी खाली ठेवली. मग घशात काहीतरी खटकल्यासारखा मोठा श्वास आला, ती कुशीवर वळली आणि पुन्हा घोरायला लागली. थोड्या वेळानं पुन्हा तेच. मी देवाचं नाव घेत होतो की तिचे श्वास मोजत होतो, मला सांगता येणार नाही.

सकाळी ती उठतच नाही. उठली की चिडचिड. तू जिचं नाव भिंगरी ठेवलंस ती दुपारच्या खेळाच्या तासाला झाडाखाली बसून असते. बाई म्हणतात आळशी आहे. ती आळशी नाही रे, ती झोपलेलीच नसते.

माझं एक ऐक. पुढच्या वेळी फोन करशील तेव्हा कॅमेरा बंद ठेव. नुसत्या आवाजानं बोल तिच्याशी. मग मला सांग सर्दी आहे म्हणून.

दादा


२० जानेवारी

धाकट्या,

तू कॅमेरा बंद ठेवून फोन केलास, त्याबद्दल तुझे उपकार. ते बोलणं मला विसरता येत नाही, तुलाही येत नसेल. फोन टेबलावर, आवाज पूर्ण मोठा, मागच्या भिंतीपलीकडे माग चालू. ती अंधाऱ्या पडद्याकडे टक लावून बसली होती. तू विचारलंस, जेवलीस का? ती म्हणाली, "हो बाबा." शाळेत काय शिकवलं? "हो बाबा." मग तू थांबलास, आणि विचारलंस, तुझं नाव काय? "हो बाबा." आणि आम्हाला बरं वाटावं म्हणून हसली वर.

कदाचित ऑपरेशन लागेल, एवढं मी म्हणालो आणि तू फोन ठेवलास. मला वाटलं, आता समजलं याला. दुसऱ्या दिवशी तुझा मेसेज आला: "गळ्याला, नाकाला कुणी हत्यार लावायचं नाही. लावलंत तर मी उतरतो आणि तिला घेऊन जातो. वसतिगृहात ठेवीन, पण तुमच्याकडे नाही."

धाकट्या, मी आयुष्यात तुझ्यावर हात उगारला नाही. तू समोर असतास तर या वेळी उगारला असता.

आता नीट ऐक. तीन महिने झाले, तपासणी झाली. श्रवण चाचणीची खोली लहान, भिंतींना गादी लावलेली. कानावर हेडफोन, आवाज ऐकू आला की एक ठोकळा डब्यात टाकायचा. आपली भिंगरी एकेक ठोकळा बरोबर टाकत होती. मी खूश! मग चाचणी घेणाऱ्या बाई उठल्या, त्यांनी तिची खुर्ची भिंतीकडे वळवली. "हुशार आहे ही. बटण दाबताना माझा खांदा हलतो, तो बघून टाकत होती." भिंतीकडे तोंड केल्यावर ठोकळा हातात धरून बसली नुसती. आणि शेवटी एकदम चार ठोकळे टाकले, एखादा टाकायचा राहायला नको म्हणून.

पाणी तसंच आहे. डॉक्टरबाईंनी झोपेतल्या श्वासाचं माझ्याकडून ऐकलं, वहिनीनं फोनवर घेतलेलं चित्रण पाहिलं आणि म्हणाल्या, आता थांबण्यात अर्थ नाही. तोंडातूनच जाऊन नाकामागची ती गादी काढायची, आणि दोन्ही पडद्यांत एकेक बारीक नळी बसवायची, म्हणजे पाणी निघून हवा खेळती राहील. गळा बाहेरून कापायचा नाही. पूर्ण भूल द्यावी लागेल.

मी विचारलं, "भुलीत काही झालं तर?"

त्या म्हणाल्या, "धोका शून्य आहे असं मी कुणालाच सांगत नाही. फार कमी आहे. आणि न करण्यात जो धोका आहे तो तुम्ही रोज शेजारी बसून बघता आहात."

तू का घाबरतोस हे मला ठाऊक नाही असं समजू नकोस. भिंगरीच्या आईला पोटाच्या ऑपरेशनला आत नेलं तेव्हा त्या बाकावर तुझ्या शेजारी मीच होतो. ती बाहेर आली नाही. तुला कवटाळून कारखान्याच्या टेम्पोत मीच बसवलं. त्यानंतर तू पोर आमच्या ओटीत टाकलंस आणि पाण्यावर निघून गेलास, मी एक शब्द बोललो नाही. पण तिचं दुखणं वेगळं होतं, ती आत गेली तेव्हा अर्धी संपलेली होती. हे तुला कुणी समजावून सांगायचं? मी फोन करतो तर तू इंजिनावर असतोस.

आणि धमकी कुणाला देतोस? वहिनीला? तुझा मेसेज वाचल्यापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. आम्हाला मूल नाही हे तुला माहीत आहे, म्हणूनच तू बरोबर तिथेच बोट ठेवलंस. काल ती म्हणाली, "अहो, मे महिन्यापर्यंत थांबू या का? भावजी सुट्टीवर येतील, त्यांची समजूत घालू." मी म्हणालो, "आणि तोवर?" ती म्हणाली, "तोवर ती आपल्याकडे तरी राहील." मग तिला स्वतःचंच बोलणं ऐकू आलं आणि ती कांड्या भरायला निघून गेली.

मी थांबलोय. डॉक्टरबाईंनी तारीख दिली होती, ती मी सोडली. तुझ्या एका "हो"साठी सोडली. पुढची तारीख फेब्रुवारीच्या अखेरीला आहे. जाताना तूच कोर्टाचा कागद करून दिलास की शाळा, दवाखाना सगळं दादा बघेल. कागदानं मला अधिकार आहे. मला अधिकार नको आहे, मला तुझं "हो" पाहिजे आहे.

फोन कर. कॅमेरा लाव, नको लावू, काहीही कर.

दादा


२ मार्च

धाकट्या,

ती बरी आहे. हे आधी वाच, म्हणजे पुढचं नीट वाचशील. पाव दुधात बुडवून खाल्ला, आत्ता खाटेवर बसून वहिनीशी भांडतेय.

तुझं उत्तर आलं नाही. मी पाच-सहा वेळा फोन लावला, कंपनीच्या माणसाकडे निरोप ठेवला, तो म्हणाला, "काका, निरोप पोचलाय, त्यांनी वाचलाय." वाचलाय! मी कारखान्याच्या दारात उभा राहून त्या माणसाचे आभार मानले आणि घरी येऊन देवासमोर बसलो. नेहमी मी काही मागत नाही, नुसता बसतो. त्या दिवशी मागितलं. काय मागितलं ते तुला सांगणार नाही, पण तुझ्यासाठी नव्हतं.

उठलो तेव्हा वहिनी भिंगरीचे कपडे घडी करून पिशवीत भरत होती. दवाखान्यासाठी एवढे कपडे कशाला म्हटलं. ती म्हणाली, "दवाखान्याचे नाहीत. भावजी न्यायला येतील तेव्हा माझ्या हातून व्हायचं नाही. आत्ताच भरून ठेवते." लोकरीची टोपी, शाळेचा जादा गणवेश, चित्रांच्या रंगपेट्या, सगळं. पिशवीची चेन ओढली आणि मला म्हणाली, "आता चला. आता मला कशाची भीती नाही." जे हरायचं होतं ते तिनं आधीच हरून घेतलं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी पोरीला उपाशी ठेवायचं होतं. पाणीसुद्धा नाही. दवाखान्याच्या वाटेवर तिनं प्रत्येक दुकानाचा उद्धार केला. "काका, तो पाववाला मुद्दाम वास सोडतोय." भूल देणारे डॉक्टर तपासायला आले, तिला तोंड उघडायला सांगितलं, आणि पुढचा एक दात हलतोय हे बघून गंभीर झाले. म्हणाले, भुलीच्या नळीनं हा सुटून श्वासात जायला नको, आम्ही आधी काढून ठेवू. तिनं तोंड गच्च मिटलं. तो दात ती महिनाभर जिभेनं हलवत होती, तिला स्वतः पाडायचा होता. एवढ्या मोठ्या ऑपरेशनला ती निमूट तयार, आणि त्या दाण्याएवढ्या दातासाठी भांडण! शेवटी तह झाला की दात बाटलीत घालून परत मिळेल.

ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी तिनं वहिनीचा पदर सोडला. आम्ही बाकावर बसलो. तुला त्या बाकाबद्दल काही सांगत नाही. तुला माहीत आहे.

बाहेर येऊन डॉक्टरबाई म्हणाल्या, नीट झालं, पाणी सरसासारखं घट्ट होतं. पोर शुद्धीवर आल्यावर आधी रडली, मग दात मागितला. त्यातच नर्सनं खाटेमागचा लोखंडी ट्रे उचलला, तर हिनं दचकून कान झाकले आणि म्हणाली, "काकू, इथे सगळे भांडतायत का?" कुणीच भांडत नव्हतं. नर्स चमचे गोळा करत होती.

पहिली झोप मी शेजारी बसून पाहिली. तोंड मिटलेलं. इतकी शांत की वहिनीनं दोनदा तिच्या नाकापुढे हात धरला. ही शांतता अंगवळणी पडायला आम्हाला वेळ लागेल.

आता तुझ्यासाठी, तू तिला नेणार असशील तर. नळ्या आपोआप गळून पडतात, वर्षभर लागेल, ओढून बघू नकोस. कानातून पिवळं पाणी आलं किंवा नाका-तोंडातून ताजं रक्त आलं तर थांबायचं नाही, थेट डॉक्टर. डोकं धुताना कानात साबणाचं पाणी जाऊ द्यायचं नाही. तपासणीला सहा आठवड्यांनी न्यायचं. तुझ्या वसतिगृहातली कोण बाई हे करणार आहे ते मला लिहून कळव. ये, दार उघडंच आहे. मी अडवणार नाही, भांडेन मात्र भरपूर, आणि आता ती ते सगळं ऐकेल.

एकच सांगायचं राहिलं, ते मुद्दाम शेवटी ठेवलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कचेरीतल्या कारकुनानं संमतीचा कागद माझ्यापुढे सरकवला. "वडील का?" मी म्हटलं, काका. कोर्टाचा कागद दाखवला. त्यानं तो वाचला, चष्मा वर केला आणि विचारलं, "तरी पण, वडिलांची परवानगी आहे ना? नुसतं हो म्हणा, मी पुढे जातो."

त्याला नुसतं हो पाहिजे होतं. चांगला माणूस होता, माझं काम सोपं करत होता. मागे बाकावर वहिनी बसली होती, तिच्या मांडीवर भिंगरी तोंड उघडं टाकून झोपली होती, आणि तिचं ते घोरणं सगळ्या खोलीला ऐकू येत होतं.

मी म्हणालो, "नाही. वडिलांचा विरोध आहे. त्यांना विचारलंय, त्यांनी नाही म्हटलंय. पालक मी आहे."

कारकून डॉक्टरबाईंना घेऊन आला. त्यांनी दोन्ही कागद पाहिले, कागदानं अडत नाही म्हणाल्या, आणि मग विचारलं, "काका, उद्या तुमचे भाऊ येऊन भांडले तर?"

"माझ्याकडे पाठवा," मी म्हटलं, आणि सही केली.

दादा